तुळईच्या सागवानाची गिटार: सुटे भाग निवडताना सुरुवात ब्रिजपासून करा

प्रश्न : नाशिकजवळच्या गावातले जुने घर उतरवताना निघालेल्या सागवानी तुळईतून आपण स्वतः एक इलेक्ट्रिक गिटार बनवत आहोत, असे चाळिशीतल्या एका वाचकाने कळवले आहे. ते नोकरी सांभाळून एका हौशी ऑर्केस्ट्रात वाजवतात; जुनी हिंदी-मराठी चित्रपटगीते, गणेशोत्सवातले आणि लग्नसमारंभातले कार्यक्रम असे त्यांचे वादन असते. बॉडीचा स्ट्रॅटोकास्टरसारखा आकार सुताराकडून कापून झाला आहे, आतले खाचे मात्र अजून खोदलेले नाहीत. मेपलचा नेक त्यांनी विकत घेतला आहे: २५.५ इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी), २२ फ्रेट, ४२ मिमी रुंद नट (नेकच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) आणि ट्यूनरसाठी, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्यांसाठी, १० मिमीची भोके. सुट्या भागांसाठी सत्तर हजार रुपये बाजूला काढले असून यादीत सोनेरी मुलाम्याचा फ्लॉइड रोज ब्रिज (बॉडीवरची तारांची घोडी), तार आवळून धरणारे सोनेरी लॉकिंग ट्यूनर, पितळी नट, बॅटरीवर चालणारे ॲक्टिव्ह पिकअप (तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारे भाग) आणि महागडे ऑइल कपॅसिटर आहेत. ते लिहितात, "अशी गिटार आयुष्यात एकदाच होणार आणि तुळईही पुन्हा मिळणार नाही, म्हणून प्रत्येक भाग उत्तमातला उत्तम घ्यावा असे वाटते. मित्र मात्र प्रत्येक भागाबद्दल वेगळेच सांगतात. गणपतीच्या आत गिटार तयार व्हावी अशी इच्छा आहे. काय घ्यावे आणि काय टाळावे?"

उत्तर : तुमच्या यादीतला एकही भाग वाईट नाही, हे आधी सांगतो. अडचण अशी आहे की हे भाग एकमेकांशी जुळत नाहीत. फ्लॉइड रोज ब्रिजसोबत तारा आवळून धरणारा त्याचा स्वतःचा नट येतो. तो बसवला की पितळी नटाला जागाच उरत नाही, आणि तारा नटापाशी स्क्रूने आवळल्या गेल्यावर पलीकडच्या लॉकिंग ट्यूनरनाही फारसे काम राहत नाही. म्हणजे तार घसरू नये या एकाच कामासाठी तुम्ही तीन ठिकाणी पैसे मोजणार आहात. शिवाय तुमच्या नेकला साध्या नटाची खाच आहे. लॉकिंग नट बसवायचा तर ती खाच आणि तिच्यामागचे लाकूड तासून सपाट बैठक करावी लागेल, आणि तासलेले लाकूड परत येत नाही. ॲक्टिव्ह पिकअपचेही तसेच. त्यांना साधारण २५ किलोओहमचे पॉट (आवाज आणि टोन कमीजास्त करणारे फिरते भाग) लागतात, ते बहुधा पिकअपसोबतच मिळतात आणि त्या जुळणीत कपॅसिटरही आलेला असतो. मग यादीतले ऑइल कपॅसिटर तुम्ही कुठे जोडणार?

प्रत्येक भाग उत्तमातला घेतला की गिटारही उत्तम होईल, हे तुमच्या पत्रामागचे गृहीत आहे, आणि मला सर्वांत आधी तेच तपासून पाहावेसे वाटते. तुमच्या मित्रांची मते जुळत नाहीत याचे कारणही त्यातच आहे. मेटल वाजवणारा मित्र त्याच्या गरजेचा ब्रिज सांगतो, ब्लूज वाजवणारा त्याच्या गरजेचा पिकअप सांगतो, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. तुमच्या पत्रात भागांची नावे भरपूर आहेत, पण ही गिटार कार्यक्रमात नेमके काय करणार आहे याबद्दल एकच वाक्य आहे. निवड त्या एका वाक्यावरून व्हायला हवी.

फ्लॉइड रोज यांनी हा ब्रिज १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार केला तो एका ठरावीक अडचणीवर उपाय म्हणून. ब्रिजला जोडलेली दांडी पूर्ण दाबून तारा सैल लोंबेपर्यंत सूर खाली न्यायचा आणि सोडल्यावर तो अचूक मूळ जागी यावा, अशी वादकांची गरज होती. त्यासाठी तार दोन्ही टोकांना आवळून धरणे हाच मार्ग होता. त्या कामासाठी तो आजही अत्यंत भरवशाचा आहे. पण तुमच्या ऑर्केस्ट्रात काय घडते? गायकाचा घसा बसला म्हणून ऐनवेळी अर्धा स्वर खाली घ्यायची वेळ येते. तरंगत्या ब्रिजवर हे दोन मिनिटांत होत नाही. तारांचा ताण एका बाजूला आणि मागच्या स्प्रिंगचा ताण दुसऱ्या बाजूला असा तो तोल असतो. १०-४६ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) या नेहमीच्या संचातल्या सहा तारा २५.५ इंच स्केलवर मिळून सुमारे ४६ किलो ताण देतात. एक तार उतरवली की ब्रिज मागे कलतो आणि बाकीच्या पाच चढतात. सहाही तारा उतरवायच्या तर नटाचे स्क्रू सैल करा, पुनःपुन्हा फेऱ्या मारत सूर लावा, मागचे झाकण उघडून स्प्रिंगचा ताण कमी करा, असे सगळे करावे लागते. चालू गाण्यात एखादी तार तुटली तर उरलेल्या पाचही बेसूर होतात आणि ते गाणे तिथेच संपते. नवी तार घालायची तर तिची गुंडी कापून ती ॲलन कीने सॅडलमध्ये, म्हणजे ब्रिजवरच्या त्या तारेच्या टेकूत, आवळावी लागते. मंडपाच्या मागे, अर्ध्या उजेडात, निवेदक वेळ मारून नेत असताना हे काम करून पाहा.

म्हणून माझे मत असे आहे की तुम्ही हार्डटेल, म्हणजे न हलणारा ब्रिज घ्यावा. यामागचे दुसरे कारण मला पहिल्याइतकेच महत्त्वाचे वाटते, आणि ते तुमच्या भीतीशी जोडलेले आहे. तुळई पुन्हा मिळणार नाही म्हणून महाग भाग घ्यावेत, असे तुम्ही म्हणता. माझ्या मते तुळई पुन्हा मिळणार नाही म्हणून तिच्यातून कमीत कमी लाकूड काढावे. फ्लॉइड रोजसाठी पुढून मागे आरपार खाच, मागे स्प्रिंगसाठी दुसरी खाच आणि ब्रिज मागे खेचता यावा म्हणून वरून आणखी एक बैठक खोदावी लागते. हार्डटेलला बॉडीवर काही स्क्रू आणि तारांची भोके एवढेच लागते. चार वर्षांनी दांडीचा ब्रिज हवासा वाटला तर तेव्हाही खाच खोदता येईल, लाकूड जागेवरच असेल. उलट दिशेने जायचे तर ठिगळ लावावे लागते, आणि जुन्या सागवानाच्या रेषांशी जुळणारे ठिगळ सहजी मिळत नाही.

दांडी तुम्ही खरोखर वापरत असाल, एखाद्या सुराला हलकीशी थरथर देण्यापुरती का होईना, तर दोन खांबांवरचा किंवा सहा स्क्रूंचा साधा व्हायब्रेटो ब्रिज घ्या आणि मागचे स्प्रिंग आवळून तो बॉडीला टेकवून ठेवा. असा टेकवलेला ब्रिज फक्त खाली जातो, पण तार तुटल्यावर बाकीच्या सुरात राहतात. या प्रकारात सॅडलखालचा जड ठोकळा कशाचा आहे, त्याची लांबी तुमच्या बॉडीच्या जाडीला चालते का, आणि दांडीचा आटा इंची आहे की मेट्रिक, या तीन गोष्टी विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. हाताशी असलेली दांडी नव्या ठोकळ्यात न बसणे ही फार नेहमीची तक्रार आहे.

ब्रिजचा प्रकार ठरला की बाकीची बरीचशी मापे त्यातून निघतात, म्हणून मी त्यापासून सुरुवात करायला सांगतो. २५.५ इंच म्हणजे ६४८ मिमी. नटाच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजून पाहा. तुमच्या नेकवर ते ३२४ मिमी भरायला हवे. त्याच्या दुप्पट अंतरावर पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक तारेचे सॅडल यायला हवे, आणि त्या वेळी ते सॅडल त्याच्या स्क्रूवर जवळजवळ पूर्ण पुढे असायला हवे, कारण सूर जुळवताना ते मागेच सरकवावे लागते. सहावी, जाड तार तिच्याहून तीनचार मिमी मागे जाऊन थांबते. ब्रिज मधोमध ठेवून मोजला आणि स्क्रू मारले, तर जाड तारेचे सॅडल मागे सरकायला जागा उरत नाही आणि वरच्या फ्रेटवर ती तार कायमची चढी बोलते.

बाहेरच्या दोन तारांमधले अंतर ब्रिजनुसार बदलते. जुन्या पद्धतीच्या अमेरिकी ब्रिजवर ते ५६ मिमीच्या आसपास असते, बऱ्याच आधुनिक ब्रिजवर ५२.५ किंवा ५४. तुमच्या ४२ मिमी नटाच्या नेकवर मी ५४ च्या पुढे जाणार नाही, कारण अंतर वाढले की शेवटच्या फ्रेटपाशी पहिली तार कडेला जाते आणि मींड घेताना बोटाखालून निसटते. दोन्ही कडांना किमान तीन मिमी लाकूड उरायला हवे. हे कागदावर काढत बसण्यापेक्षा दोऱ्याने करा. नेक बॉडीला पक्का बसवल्यावर काळा शिवणाचा दोरा पहिल्या तारेच्या खाचेतून ब्रिजच्या पहिल्या सॅडलपर्यंत ताणा, दुसरा दोरा सहाव्या तारेच्या जागी. ब्रिज फक्त चिकटपट्टीने धरलेला असू द्या. आता बाविसाव्या फ्रेटपाशी दोन्ही दोऱ्यांपासून नेकच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा आणि ते सारखे होईपर्यंत ब्रिज डावी-उजवीकडे हलवा. नेक अर्धा मिमी तिरपा बसला असला तरी दोरा ते लगेच दाखवतो. बॉडीवर आखलेली मध्यरेषा दाखवत नाही. दोरे जुळले की टोच्याने खुणा करा आणि मगच ड्रिल हातात घ्या. याच कारणासाठी ब्रिज आणि पिकअप प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय एकही खाच खोदू नका, विक्रेत्याने दिलेले माप कितीही खात्रीचे वाटले तरी.

उंचीचेही माप असेच बघायचे. तुमच्यासारख्या नेकचा बुंधा फ्रेटबोर्डसकट साधारण २५ मिमी जाड असतो आणि त्याची खाच १६ मिमीच्या आसपास खोल घेतात. मग बुटका हार्डटेल ब्रिज सरळ बसतो. लेस पॉल पद्धतीची गिटार बनवणाऱ्या वाचकांनी इथे सावध राहावे. त्यांचा ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज उंच असतो, त्यामुळे नेक मागे कललेला लागतो किंवा ब्रिज लाकडात बुडवावा लागतो. तसेच त्यांच्या शेपटीचे (ब्रिजमागे तारांची टोके अडकवायच्या पट्टीचे) खांब अमेरिकी भागांत इंची आट्याचे आणि जपानी-कोरियन भागांत बहुधा आठ मिमी मेट्रिक आट्याचे असतात. दिसायला सारखे, पण एकात दुसरा जात नाही. खांब आणि शेपटी वेगवेगळ्या ठिकाणांहून घेऊ नयेत.

आता तारेची दोन टोके, नट आणि सॅडल. माझ्या दृष्टीने पैशापेक्षा जास्त लक्ष देण्याची जागा ही आहे. मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीला जवारी लावतात तेव्हा तार रुंद, किंचित गोलाईच्या पृष्ठभागावर घासत जावी आणि तिचा झंकार उठावा अशी योजना असते. इलेक्ट्रिक गिटारमध्ये नेमके तेच टाळायचे असते: तार नटाच्या फ्रेटकडच्या कडेवर आणि सॅडलच्या माथ्यावर एका रेषेत, स्वच्छ टेकून सुटली पाहिजे. खाचेचा तळ सपाट किंवा उलट्या उताराचा राहिला की सितारीसारखा झणत्कार येतो, आणि पुष्कळ वेळा त्याचा दोष पिकअपवर किंवा लाकडावर टाकला जातो.

पितळी नट सोडून द्या. नट कशाचा आहे हे फक्त मोकळ्या तारेत ऐकू येते. फ्रेट दाबला की तार फ्रेटवरून सुटते. पितळ कापायला कठीण, त्याच्या खाचा चुकल्या तर भरता येत नाहीत. हाडाचा किंवा टस्कसारखा कृत्रिम नट पुरे, पण त्याच्या खाचा जाणत्या माणसाकडून, तारेच्या जाडीनुसार वेगवेगळ्या फाइलींनी कापून घ्या. तपासायची रीत सोपी आहे: तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यामध्ये किती फट उरते ते पाहा. केसभर फट हवी. फट अजिबात नसेल तर मोकळी तार खणखणेल, जास्त असेल तर पहिल्या फ्रेटवर सूर चढेल आणि बोटे दुखतील. सूर लावताना नटापाशी "टिक" असा आवाज येत असेल तर तार खाचेत अडकते आहे असे समजा. गिटार सुरात राहत नाही म्हणून महाग ट्यूनर बसवणाऱ्या अनेकांची खरी अडचण ही खाच असते.

ट्यूनरच्या बाबतीत तुमची निवड मला अर्धी मान्य आहे. हार्डटेलबरोबर लॉकिंग ट्यूनर घ्यावेत, कारण तुटलेली तार पटकन बदलता येते आणि खुंटीवर गुंडाळे कमी राहतात. १० मिमीच्या भोकांत गोटो, शॅलर किंवा हिपशॉटचे आधुनिक बंदिस्त ट्यूनर सहसा सरळ बसतात. जुन्या क्लूसन पद्धतीचे घ्यायचे झाले तर मात्र भोक मोठे पडते आणि वेगळ्या बुशिंग लागतात. तुमच्या नेकचे डोके सपाट असेल, मागे कललेले नसेल, तर खुंट्यांची उंची क्रमाने कमी होत जाणारा संच मागा, म्हणजे तारा नटावर नीट दाबल्या जातात. १८ला १ गिअर असला तर १४ला १ पेक्षा सूर बारकाईने लागतो, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. याहून जास्त विचार ट्यूनरवर करायची गरज नाही.

पिकअपसाठी तुमच्या कार्यक्रमाची जागा डोळ्यांसमोर आणा. मंडपात दिव्यांच्या माळा, डिमर, जनरेटर, लांबच लांब वायरी. साधा सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा, पिकअप हे सगळे ५० हर्ट्झच्या गुणगुणीसकट पकडतो. गिब्सन या अमेरिकी गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी याच गुणगुणीवर उपाय म्हणून हंबकर तयार केला. त्याच्या पेटंटचा अर्ज १९५५ चा. दोन कॉइल उलट्या वळणाच्या आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलटे, त्यामुळे बाहेरून येणारा गोंगाट एकमेकांना छेद देतो आणि तारेचा संकेत मात्र एकत्र जमा होतो. तुमच्या कामासाठी ब्रिजपाशी हंबकर आणि मध्ये व नेकपाशी सिंगल कॉइल ही मांडणी मला योग्य वाटते. मधला पिकअप उलट वळणाचा आणि उलट ध्रुवाचा मागा. म्हणजे तो नेकच्या पिकअपबरोबर जोडून वाजवताना गुणगुण नाहीशी होते, आणि जुन्या गाण्यांतल्या स्वच्छ कॉर्डना तीच जोडी फार गोड लागते. हंबकरच्या पहिल्या आणि सहाव्या तारेखालच्या लोखंडी खुंट्यांमधले अंतर दोन प्रकारचे असते, सुमारे ५० मिमी आणि सुमारे ५२-५३ मिमी. तुम्ही रुंद घ्या, त्याला विक्रेते एफ-स्पेस म्हणतात.

ॲक्टिव्ह पिकअप गोंगाटाच्या बाबतीत खरोखर चांगले असतात आणि लांब वायरीतही त्यांचा आवाज मंदावत नाही, हे मान्य करायला हवे. पण त्यांच्या बॅटरीसाठी तुळईत आणखी एक कप्पा खोदावा लागेल, आणि वायर जॅकमध्ये विसरून राहिली की बॅटरी उतरत जाते. त्याऐवजी सगळ्या खाचांना आतून तांब्याची पट्टी लावा, तिचे सगळे तुकडे एकमेकांशी जोडले गेले आहेत हे मल्टिमीटरने तपासा आणि ती अर्थला (अर्थिंगला) जोडा. खर्च थोडा येतो, फरक मात्र पहिल्याच कार्यक्रमात कळतो. पिकअपवर छापलेल्या किलोओहमच्या आकड्याला आवाजाची ताकद समजू नका. बारीक तार गुंडाळली तरी तो आकडा वाढतो. चुंबक कोणता आहे आणि तो पिकअप प्रत्यक्ष कसा ऐकू येतो, यावर जा.

पॉटच्या मूल्याचे कारण समजले की निवड सोपी होते. पॉट पूर्ण उघडा असतानाही थोडा तिखटपणा, म्हणजे आवाजातला वरचा, टोकदार भाग, अर्थकडे वाहून जातो, आणि मूल्य कमी असेल तेवढा जास्त जातो. सिंगल कॉइल मुळातच तिखट, म्हणून २५० किलोओहम. हंबकर दाट, म्हणून ५००. तुमच्या मिश्र मांडणीत व्हॉल्यूमला ५०० आणि सिंगल कॉइलच्या टोनला २५० ही रुळलेली तडजोड आहे. कपॅसिटरचे मूल्य महत्त्वाचे, जात नाही. गिटारमधल्या अगदी कमी व्होल्टेजवर तेलातला कपॅसिटर आणि साधा पॉलिएस्टर कपॅसिटर मूल्य सारखे असेल तर सारखेच काम करतात. ०.०२२ मायक्रोफॅरॅडसाठी २२३ आणि ०.०४७ साठी ४७३ असे त्यांच्यावर छापलेले असते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ते काही रुपयांत मिळतात. दोन्ही आणा, दोन्ही तात्पुरते जोडून ऐका, आवडेल तो ठेवा. पॉट, स्विच आणि जॅक मात्र चांगले घ्या, कारण रोज झिजणारे भाग तेच. तयार किट घेऊन त्यातले पॉट बदलणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की अमेरिकी पॉटला सुमारे ९.५ मिमीचे भोक लागते आणि त्याच्या दांड्यावर बारीक २४ दाते असतात, तर मेट्रिक पॉट लहान भोकाचे आणि जाड १८ दात्यांचे असतात. एकाची नॉब दुसऱ्यावर जबरदस्तीने बसवली की ती फुटते.

हा सगळा संच पिकगार्डवर, म्हणजे बॉडीच्या पुढच्या बाजूला लावायच्या पातळ पट्टीवर, बसवा. लाकडाच्या रेषा थोड्या झाकल्या जातील हे मला कळते, पण जोडणी टेबलावर पूर्ण करून तपासता येते आणि पुढे पिकअप बदलले तर नुसते पिकगार्ड बदलते, लाकडाला हात लागत नाही. पिकगार्ड घेताना त्याची ब्रिजकडची कड तुमच्या ब्रिजच्या आकाराला चालते का ते पाहा.

एक गोष्ट सुटे भाग निवडण्याच्या पलीकडची आहे, पण ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. गुणगुण कमी व्हावी म्हणून ब्रिज अर्थला जोडलेला असतो, म्हणजे तुमची बोटे सतत ॲम्प्लिफायरच्या अर्थशी जोडलेली असतात. मंडपातल्या तात्पुरत्या वायरिंगमध्ये अर्थ नसेल किंवा चुकीचा असेल, आणि माइक दुसऱ्या बोर्डावरून चालत असेल, तर तारेला हात आणि माइकला ओठ लागताच जीवघेणा धक्का बसू शकतो. ॲम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन कधीही काढू नका, दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर घ्या आणि कार्यक्रमाआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थ तपासून घ्या. वायरलेस संच घेतला तर हा मार्ग तुटतो. तुमच्या बजेटमध्ये त्यासाठी जागा करता आली तर जरूर करा.

सोनेरी मुलाम्याबद्दल तुम्ही आवर्जून लिहिले आहे. सागवानावर सोनेरी रंग शोभतो यात शंका नाही, पण ब्रिजवर जिथे तळहात टेकतो तिथून तो मुलामा घामाने सर्वांत आधी जातो. क्रोम टिकाऊ, निकेल थोडे उबदार दिसते आणि काळाबरोबर मंद होते. माझा सल्ला असा की ब्रिज क्रोमचा किंवा निकेलचा घ्या, आणि सोनेरी हवेच असेल तर पट्ट्याच्या गुंड्या आणि नॉब सोनेरी घ्या. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्या वाचकांनी सॅडलचे उंचीचे स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आहेत का हे आवर्जून विचारावे. दमट हवेत साधे स्क्रू गंजून जागेवरच बसतात आणि मग ॲलन की त्यांची खाच गोल करून टाकते.

सागवानाबद्दल तुमच्या मित्राने पितळी भागांशिवाय ते बोलत नाही असे सांगितले, ते मनावर घेऊ नका. सागवान अल्डर या गिटारच्या बॉडीसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या लाकडापेक्षा बरेच जड असते, एका घनमीटरला अल्डर ४५० किलोच्या आसपास तर सागवान ६५० च्या आसपास, म्हणून उलट हलके भागच पाहावेत. तीन तास उभे राहून वाजवायचे आहे. जुन्या तुळईत तुटलेले खिळे असतात, राउटर (खाचा खोदायचे यंत्र) चालवण्याआधी सगळ्या बाजूंनी जोरकस चुंबक फिरवा. स्क्रूसाठी योग्य मापाचे भोक आधी पाडा, आटे मेणावर घासून घ्या आणि मऊ स्क्रू असतील तर आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू फिरवून वाट करून ठेवा. सागवानात मोडलेला स्क्रू काढताना भोवतालचे लाकूड जाते. नेकचे चार स्क्रू बॉडीतून सैल जायला हवेत आणि फक्त नेकमध्ये धरायला हवेत, तरच नेक खाचेत घट्ट बसतो.

पैशांचे वाटप मी असे करीन. सर्वांत आधी अनुभवी कारागिराकडून फ्रेट समपातळीत करून घेणे, नट आणि पहिले सेटअप यासाठी रक्कम बाजूला काढावी, कारण नव्या नेकचे फ्रेट क्वचितच पूर्ण समपातळीत असतात आणि उंच राहिलेल्या एका फ्रेटला कोणताही ब्रिज झाकू शकत नाही. मग ब्रिज आणि पिकअप, मग ट्यूनर, मग विजेची जुळणी. परदेशातून मागवलेल्या भागांवर आयात शुल्क आणि जीएसटी लागतो, तेव्हा किंमत तो धरूनच मोजा आणि शक्यतो सगळे एकाच विक्रेत्याकडून, एकाच मापपद्धतीत घ्या. पन्नासेक हजारांत हे सगळे बसेल, तर उरलेले तसेच ठेवा. त्यातून एक व्हर्निअर कॅलिपर मात्र नक्की घ्या. आणि ४५ मिमी जाडीचा आंब्याचा किंवा प्लायवुडचा तुकडा आणून सगळ्या खाचा व भोके आधी त्याच्यावर करून पाहा. तुळईवरचे काम दुसऱ्यांदा केलेले काम असू द्या.

राहिला गणपतीचा मुहूर्त. तो मला सोडून द्यावासा वाटतो. पावसाळ्यात हवेतल्या ओलीमुळे लॅकर आणि लाखेचे पॉलिश पांढरे पडते, आणि सागवानातल्या तेलामुळे वरचा थर आधीच सावकाश सुकतो. यंदाच्या कार्यक्रमांना जुनीच गिटार न्या. नवी गिटार रंगाशिवाय जुळवा, तारा चढवा आणि घरी रोज वाजवा. नेक पावसाळ्यात थोडा हलेल, तेव्हा ट्रस रॉडला (नेकचा बाक ठरवणाऱ्या आतल्या सळईला) किती फिरवावे लागते ते कळेल. तुमच्या नेकचा ट्रस रॉड बुंध्याकडून फिरत असेल तर त्यासाठी दर वेळी नेक उतरवावा लागेल, हेही आताच पाहून घ्या. ब्रिजची उंची, पिकअपचे अंतर, मुठीला टोचणारी कड, सगळे या काळात ठरू द्या. पाऊस ओसरून हवा कोरडी झाली की दिवाळीनंतर सगळे भाग उतरवा, स्क्रू लहान पिशव्यांत नावे लिहून ठेवा, लाकूड स्पिरिटने पुसून त्यावर लाखेचा पातळ पहिला हात द्या, आणि नेकच्या खाचेत रंग जाणार नाही अशी चिकटपट्टी लावून मगच वरचे हात सुरू करा.